चावणारं पाणी

आमच्या घराला गॅरेज आहे, गाडी नाही. वडिलांनी घर बांधलं तेव्हा एका बाजूला पत्र्याची ही खोली हट्टाने काढून घेतली. पोरगा मास्तर झालाय, कधीतरी चारचाकी घेईल, असा त्यांचा अंदाज होता. पोराने काही घेतली नाही. पंधरा-वीस वर्षं त्या खोलीत सोयाबीनची पोती, मोडका कूलर आणि वडिलांची सायकल नांदली. मग वडील गेले आणि पुढच्या वर्षी मी तिथे वर्कशॉप थाटलं. शाळेतल्या सहकाऱ्यांना त्या वर्कशॉपची गोष्ट मी आजही सांगतो, पण त्यातला आईचा भाग गाळतो. इथे गाळणार नाही.

आधी माझ्याबद्दल. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला कुणी काही सांगितलेलं चालत नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे पेपर तपासून घ्यायचा. ती सेलूला एका ऑफिसात कारकून आहे, आणि दहावीत विज्ञानात नापास झाली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, ते नापास होणं मी तिला बावीस वर्षं ऐकवलं. वडील गेल्यावर मात्र माझं बोलणंच बंद झालं. शाळेतून यायचं, खाटेवर पडायचं, पंखा बघायचा. आई दारातून डोकावायची आणि परत जायची. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "अहो, कसला तरी नाद लावून घ्या. जुगार सोडून कसलाही."

लहानपणापासून लाकडाचं वेड होतं, ते वर आलं. पण पगारात घर चालवून उरतं किती? त्यामुळे ठरवलं, नवीन काही घ्यायचं नाही. मळ्यातला गोठा पडला होता, त्याच्या सागवानी तुळईचं टेबल केलं. शाळेने टाकून दिलेला काळा फळा भिंतीवर ठोकला, त्यावर पटाशा, करवती, रंधा अडकवले आणि प्रत्येकाच्या भोवती खडूने रेघ ओढली, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच दिसावं. भावकीतल्या एकाची कडबाकुट्टी बंद पडून होती, तिची मोटार उचलून आणली. कूलरचा पत्रा, अँगलचे तुकडे आणि परभणीच्या भंगारातून आणलेलं गोल पातं मिळून लाकूड कापायची मशीन तयार झाली. दिसायला बेंगरूळ, पण माझी. ज्या दिवशी ती उभी राहिली त्या दिवशी मी आंघोळ करताना गाणं म्हटलं. बायको हसली. आई ओट्यावर बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे कुणाला कळू नये.

मशीन उभी राहिली, पण फिरेना. दुपारी आमच्याकडे लाइट इतकी मंद असते की ट्यूब नुसती फडफडते. मोटार हुंकार द्यायची, गरम व्हायची आणि जागच्या जागी थरथरायची. मी सगळं तपासलं. दोष मोटारीत नव्हता. विजेला यायला एक तार लागते आणि परत जायला दुसरी, तिला न्यूट्रल म्हणतात. आमच्या गल्लीत खांबावरून येणारं न्यूट्रलच ढिलं होतं. तक्रार केली, माणूस आला, वर बघून गेला. पुढे काही झालं नाही.

यावरचा इलाज मला सहाव्या वर्षापासून माहीत होता. आमच्या मळ्यात एकच तार आलेली होती. वडिलांनी जमिनीत पहार ठोकली, बल्बची दुसरी वायर तिला गुंडाळली आणि मला म्हणाले, "ओत पानी." मी तांब्याने पहारीच्या बुडाशी पाणी ओतलं आणि मिणमिणता बल्ब माझ्या डोळ्यांदेखत भक्कन उजळला. वीज जमिनीतून परत चालली होती. मी तांब्यामागून तांबे ओतत राहिलो. पुढे मी विज्ञानाकडे गेलो तो कुठल्या पुस्तकामुळे नाही, त्या पहारीमुळे. आमच्याकडे शेताशेतांत असंच चालायचं, कुठे कुठे अजून चालतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

घरी पहारीची गरजच नव्हती. अंगणात बोअर होती, दोनशे फूट खोल, तिचा लोखंडी पाइप जमिनीत घुसलेला. यापेक्षा मोठी पहार कुठली? तरी कडबाकुट्टीची मोटार भरून देणाऱ्या म्हाताऱ्या वायरमनला मी विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच. तो कॉइल गुंडाळता गुंडाळता थांबला.

"सर, ते शेतातलं काम हाय. घरात न्हाई करू."

"का? काय होतंय?"

"आत्ता काय व्हत न्हाई. जमीन वली हाय. चैत-वैशाखात आपली काळी माती फाटती, बोअरचं पानी खाली जातंय, मग करंट जाईल कुठं? नीट खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरा, नवं न्यूट्रल वढून घ्या. आन् शॉक बसला की पडनारा स्विच मिळतो, तेवढा तरी बसवा."

त्याच आठवड्यात परभणीत एक जुना वाइस बघून ठेवला होता. लाकूड-लोखंड घट्ट धरून ठेवायचा जाडजूड शिकंजा, असला आता बनत नाही. स्विच घेतला असता तर वाइस राहिला असता. मी वाइस घेतला. मनात म्हटलं, हा दहावी नापास वायरमन मला करंट शिकवतोय. त्या स्विचच्या किमतीचा विचार मी आजही करतो आणि मला स्वतःची किळस येते.

बोअरच्या पाइपाला क्लॅम्प लावून तांब्याची वायर गॅरेजात घेतली. बटण दाबलं आणि मोटार अशी सुटली की भुशाने माझं तोंड भरलं. मी मोठ्याने हसलो. डिसेंबरचे दिवस होते, जमीन ओली होती, आणि दोन महिन्यांत मी देवघर, दोन पाट, आईच्या औषधांची पेटी आणि बायकोचं टेबल असं एकापाठोपाठ एक करत सुटलो.

त्या बोअरच्या शेजारीच धुण्याचा दगड आहे आणि दगडावर नळ. छतावरच्या टाकीतून खाली येणारा लोखंडी पाइप बोअरच्या पाइपालाच लोखंडी पट्टीने बांधलेला. घरात स्वयंपाकघरात प्लास्टिकचा नळ आहे, पण आई त्याला नळ मानत नाही. पिण्याचं पाणी ती बाहेरच्याच नळाचं भरते, कळशी घासून, दगडावर अनवाणी उभी राहून. चपला घालून पाणी भरणं तिला ओवळं वाटतं. मी मात्र गॅरेजात जाताना जाड रबरी तळाचे बूट घालत होतो. सुरक्षिततेच्या बाबतीत मी काटेकोर होतो.

फेब्रुवारी सरता सरता आई म्हणाली, "लेकरा, पानी चावायलंय रे."

मी रंधा मारत होतो. "चावायलंय म्हणजे?"

"हाताला मुंग्या यायल्यात. कोपरापस्तोर."

तिला शुगर आहे, फार नाही, गोळीवर आटोक्यात असलेली. शुगर असली की हातापायाला मुंग्या येतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी तिला तिथल्या तिथे तास घेतल्यासारखं समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "असंल बाबा." चार दिवसांनी मी तिला सेलूच्या डॉक्टरकडे नेलं आणि तिने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, शुगरच्या मुंग्या आहेत. डॉक्टरांनी गुलाबी गोळ्या दिल्या. चहातली साखर मी बंद केली. सकाळचा एक गोड चहा, एवढीच तिची चैन होती. ती रोज बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायची आणि गुलाबी गोळी मी केलेल्या पेटीतून काढून घ्यायची.

माझ्या मनात शंका आलीच नाही असं नाही. एकदा आली. मी मशीन बंद केली, बाहेर आलो, टेस्टर नळाला लावला. दिवा लागला नाही. परत आत गेलो आणि मशीन चालू केली. बाहेर जायचं तर आधी मशीन बंद करायची, ही माझी शिस्त. त्या शिस्तीमुळे नळ नेहमी निर्दोष सापडायचा. पोरांच्या पेपरात असली चूक दिसली असती तर मी लाल पेनने शेरा मारून वर्गात वाचून दाखवला असता.

गल्लीत एक पिवळं कुत्रं आहे, कुणाचंच नसलेलं. उन्हाळा लागला की ते आमच्या नळाखालच्या चिखलात पोट टेकून पडतं, हाकललं तरी उठत नाही. त्या वर्षी मार्चच्या शेवटी ते तिथे पडेनासं झालं. रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाच्या बोटभर सावलीत धापा टाकत बसायचं आणि आमच्या अंगणाकडे बघायचं. मी बायकोला म्हटलं, कुत्रंसुद्धा म्हातारं झालं. एप्रिलात शेजारणीची शेळी दगडाखालच्या डबक्याला तोंड लावायला आली आणि चटका बसल्यागत उडून मागे गेली. मशीन घरघरत होती, मी खिडकीतून बघत होतो. मला हसू आलं होतं, एवढंच आठवतं.

अंगणातल्या मातीला तोवर भेगा पडायला लागल्या होत्या. बोअरच्या पाइपाभोवतीची माती सुटून बोट जाईल एवढी फट झाली होती. वडील असते तर म्हणाले असते, ओत पानी. त्याच आठवड्यात मी सुट्टीच्या जादा वर्गात अर्थिंग शिकवलं. फळ्यावर घर काढलं, घरातून जमिनीत जाणारी रेघ काढली आणि म्हणालो, जमीन कोरडी असेल तर ही रेघ काही कामाची नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं.

आईच्या वागण्यात एक फरक पडला होता, तो मला दिसत होता आणि कळत नव्हता. तिची पाणी भरायची वेळ बदलली होती. पूर्वी सकाळी उठल्या उठल्या भरायची. आता कधी नऊला, कधी दुपारी, कधी कळशी काखेत घेऊन ओट्यावर नुसतीच बसून राहायची. मी चहाला म्हणून गॅरेजातून बाहेर आलो की ती उठायची आणि लगबगीने नळावर जायची. मला वाटायचं, मी बाहेर यायची वाट बघत बसते, लेकाचं तोंड दिसावं म्हणून. मला ते बरं वाटायचं.

मे महिन्यात मला पुली हवी होती, पट्टा फिरवायची चाकं, दोन लहान दोन मोठी. विकत महाग. मग मी भट्टी केली. भंगारातल्या पांढऱ्या विटा, मध्ये शेगडीच्या जाड कॉइल, वर झाकण. तिच्यात अॅल्युमिनियम वितळवायचं आणि वाळूच्या साच्यात ओतायचं. आईला जुनं पातेलं मागितलं. ती फडताळातून तिच्या लग्नातलं पातेलं घेऊन आली, बुडाला भोक पडलेलं. "ने, पडूनच हाय," म्हणाली. "आवाज करती का रे ही पन?" मी अभिमानाने सांगितलं, "अजिबात नाही. हूं नाही की चूं नाही." तिने भट्टीकडे जरा वेळ बघितलं आणि आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मला घाई होती. मी पातेलं ठोकून चपटं करायला घेतलं, त्या ठणठणाटात तिचं बोलणं राहून गेलं.

रविवार होता, सकाळचे अकरा. बायको घरात कपड्यांच्या घड्या करत होती. मी मशीनच्याच वायरीवर भट्टी लावली. लाकडाच्या मशीनपेक्षा ती दुप्पट वीज ओढत होती आणि खरंच हूं की चूं करत नव्हती. कॉइल लाल झाल्या. पातेल्याचे तुकडे आधी मऊ पडले, मग एकाएकी पाऱ्यासारखे चमकायला लागले. मी बूट, हातमोजे आणि चष्मा घालून वाकून बघत होतो. इतकं देखणं काही मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

बाहेर कळशी पडल्याचा आवाज झाला.

मी ओरडलो, "काय पाडलं?" खरं सांगतो, मला राग आला होता. उत्तर आलं नाही. मी परत भट्टीत बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. मग ते पिवळं कुत्रं भुंकायला लागलं, रस्त्यापलीकडूनच, जवळ न येता, आणि त्यापाठोपाठ बायकोची किंकाळी आली.

आई दगडावर गुडघ्यांवर आली होती. उजवा हात वर नळाला चिकटलेला. तोंड उघडं, पण त्यातून आवाज नव्हता. सगळं अंग थरथरत होतं आणि डोळे माझ्याकडे होते. मी हातमोजे फेकले आणि धावलो तिला धरायला. विज्ञानाचा मास्तर, ओल्या दगडाकडे, उघड्या हातांनी.

"हात लावू नका!" बायको ओरडली. "सरका!" आणि ती आईकडे आली नाही, उलट्या दिशेने पळाली, घरात, मेन स्विचकडे. खट्‌ आवाज झाला. आईचा हात सुटला आणि ती माझ्या अंगावर पडली. तिच्या तळव्याला नळाच्या कडेचा काळा वण उठला होता. छाती हलत नव्हती. मग हलली.

परभणीच्या दवाखान्यात चार दिवस होतो. काचेवर तिच्या काळजाची रेघ उड्या मारत जायची, मध्येच एखादी उडी चुकायची. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नळाला शॉक आला." जसा काही नळाचा गुन्हा. बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याची मला जन्मभर लाज वाटेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई बोलली. हाताला पांढरी पट्टी होती. ती चिडलेली नव्हती, तिला काहीतरी उलगडत नव्हतं.

"लेकरा, त्या दिशी मशीन वाजत न्हवती रे."

"नव्हती."

"मंग पानी कसं चावलं? मशीन वाजाया लागली की चावतंय. बंद पडली की न्हाई चावत. मी ऐकूनच जात व्हते."

मी विचारलं, कधीपासून माहीत होतं?

"पयल्या आठवड्यातच कळलं की."

"मग मला सांगायचं नाही का, आई?"

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तू शुगर म्हनलास. तुला जास्त कळतंय. आन् किती दिवसांनी गानं म्हनायलास तू. म्हनलं, पानी काय, मागून भरता येतंय."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो आणि रडलो. येणारे-जाणारे मला वाट सोडून जात होते. त्यांना वाटलं असेल, याचं कुणी गेलं.

घरी आलो त्याच दिवशी क्लॅम्प तोडला. वायरमन आला. त्याने "मी सांगितलं व्हतं" असं एकदाही म्हटलं नाही. आल्या आल्या बोअरच्या पाइपाला हात जोडल्यासारखं करून तो कामाला लागला. खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला, खांबापासून नवं न्यूट्रल ओढून घेतलं, तो स्विच बसवला. त्यासाठी मी वाइस विकला. भट्टीत पातेल्याचं अॅल्युमिनियम थिजून बसलं होतं, ते विटांसकट तसंच आहे. मशीनला मी त्यानंतर हात लावलेला नाही. फळ्यावर खडूच्या रेघा आहेत, हत्यारं सगळी जागेवर आहेत. चहात साखर पुन्हा सुरू केली, पण तिला आता गोड चहा जात नाही म्हणते. हाताला मुंग्या अजून येतात. कशाच्या, ते आता मी सांगत नाही. मला विचारूनही काही उपयोग नाही.

नळ प्लास्टिकचा बसवला, खालचा पाइप प्लास्टिकचा टाकला. आईला चारदा नळाच्या धारेला टेस्टर लावून दाखवला. ती मान डोलावते. पिवळं कुत्रं जूनमध्ये परत चिखलात येऊन पडलं, तेही तिला दाखवलं. तिने कुत्र्याकडे बघून हात जोडले. पण ती नळाला हात लावत नाही.

म्हणजे लावते, पण मी घरी असलो तरच. बायको असून चालत नाही, ती तर सकाळच्या बसने सेलूला जाते. शाळा सुटून मी दोन-अडीचला येतो, तेव्हा रिकामी कळशी दगडापाशी असते आणि आई ओट्यावर, सुकल्या तोंडाने. घरातल्या नळाचं पी म्हटलं तर म्हणते, तहानच न्हवती. मला बघून ती उठते, कळशी उचलते, हात नळाजवळ नेते आणि वीतभर अलीकडे थांबवते.

"बंद हाय का रे?"

गॅरेजला कुलूप आहे. वर्ष झालं, आत काही चाललेलं नाही. सुरुवातीला मी तिला समजावत होतो. आता समजावत नाही. दुचाकी उभी करायच्या आधीच फाटकातून मोठ्याने सांगतो, "बंद आहे, आई. भर पाणी."